कवचावर कवच: नगरचा किल्ला, चिलखत आणि फाशांचे गणित

१/ आजचा धागा एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाभोवती गुंफला आहे. अंगावर एकाऐवजी दोन कवचे चढवली, तर संरक्षण दुप्पट होते का? फासे टाकून भूमिकाखेळ खेळणाऱ्या तरुणांत या प्रश्नावरून हमखास वाद रंगतो. मात्र हा प्रश्न खेळापुरता कधीच नव्हता. मनमाड रस्त्यावरील नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतून निघून सीना नदीचा पूल ओलांडला, की आपण अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर शहरात शिरतो. या शहराच्या भुईकोट किल्ल्याने त्या प्रश्नाची चार उत्तरे दिली आहेत: १५९६, १६००, १७५९ आणि १८०३. तट तोच होता, खंदक तोच होता. निकाल मात्र दर वेळी निराळा लागला. असे का झाले, हे आज पाहू.

२/ आधी खेळाचा नियम समजून घेऊ, कारण प्रश्न तिथे अगदी नेमका मांडला जातो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक पात्राला प्राणांक असतात. शत्रूचा वार बसला, की फासे टाकून हानीचा आकडा ठरतो आणि तो प्राणांकांतून वजा होतो. काही पात्रांना विशिष्ट हानीला प्रतिकार असतो. कोणाला आगीचा, कोणाला विषाचा, कोणाला तलवारीच्या कापणाऱ्या वाराचा. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत प्रतिकाराचा अर्थ सरळ आहे: त्या प्रकारची हानी निम्मी होते. ४० ची हानी २० वर येते. इथवर कोणाचाच वाद नाही. वाद सुरू होतो तो एकाच पात्राकडे असे दोन प्रतिकार जमले की.

३/ समजा, एका योद्ध्याला जन्मतःच आगीचा प्रतिकार आहे आणि त्याच्या बोटातही आगीपासून वाचवणारी अंगठी आहे. ४० चे निम्मे २०, आणि २० चे निम्मे १०, असे म्हणायचे का? पाचव्या आवृत्तीचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. एकाच प्रकारच्या हानीविरुद्धचे कितीही प्रतिकार एकत्र आले, तरी ते एकच धरायचे. हानी २० च राहील. त्याआधीच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रतिकार भागाकाराने न येता वजाबाकीने येई: प्रत्येक वारातून ठरावीक अंक कमी. तिथेही असे दोन गुण एकत्र आले, तर त्यांची बेरीज होत नसे. त्या प्रसंगी जो जास्त उपयोगी, तेवढाच लागू होई. नियमकर्त्यांची भीती समजण्यासारखी आहे. चार वेळा निम्मे करू दिले, तर ४० ची हानी अडीचवर येते. मग राक्षसाने कितीही आग ओकली, तरी टेबलावर कोणाला धास्ती वाटणार?

४/ याच नियमात आणखी एक बारकावा आहे आणि आपल्या किल्ल्याच्या गोष्टीत तो फार उपयोगी पडणार आहे. तो म्हणजे क्रम. एखाद्या पात्राकडे दोन निरनिराळ्या जातींची संरक्षणे आहेत असे समजा: एक प्रत्येक वारातून ५ वजा करणारे, दुसरे हानी निम्मी करणारे. जातच वेगळी असल्याने ही दोन्ही लागू होतात. पण आधी कोणते? २५ ची हानी आली. आधी ५ वजा केले, तर २० उरतात आणि त्यांचे निम्मे १० होतात. आधी निम्मे केले, तर अपूर्णांक सोडून १२ उरतात आणि त्यांतून ५ गेले की ७. थर तेच, वार तोच, आकडे मात्र निराळे. पाचवी आवृत्ती पहिला क्रम पाळते: आधी वजाबाकी, मग निम्मे. कोणता थर पुढे आणि कोणता मागे, यावर जीव वाचणे अवलंबून असते.

५/ सगळेच खेळ असे वागत नाहीत. १९७८ सालच्या 'रुनक्वेस्ट'मध्ये चिलखत प्रत्यक्ष शोषकासारखे वागते. ज्या अवयवावर वार बसला, तिथल्या कवचाचे अंक हानीतून वजा होतात. १९८६ मध्ये आलेल्या 'गुर्प्स'मध्ये एकावर एक घातलेल्या कवचांची चक्क बेरीज करता येते. पण आतला थर लवचीक आणि बाहेरच्या कवचाखाली मावणारा हवा, शिवाय जादा थराच्या बदल्यात चपळाई घटते. म्हणजे तीन खेळांची तीन मते झाली. सर्वांत चांगले तेवढेच मोजा; अवयवाप्रमाणे वजा करा; बेरीज करा, पण तिची किंमत मोजा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एकच प्रश्न पडावा: प्रत्यक्ष रणांगणात यांतले कोणते खरे होते?

६/ हा प्रश्न परका नाही, कारण या खेळांचा जन्मच युद्धाच्या अभ्यासातून झाला आहे. प्रशियात १८१२ मध्ये गेऑर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी युद्धखेळ रचला आणि १८२४ मध्ये त्यांच्या मुलाने तो सुधारून लष्करी अधिकाऱ्यांच्या हाती दिला. गोळीबाराची हानी त्यात फाशांनी ठरे. पुढे १९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांचा 'चेनमेल' हा खेळ छापला. चेनमेल म्हणजे आपल्याकडचे कड्यांचे चिलखत. त्यातूनच 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' उगवला. त्यातील चिलखताच्या श्रेणीची कल्पना आपण अमेरिकी यादवी युद्धातील लोहनौकांच्या खेळावरून घेतली, असे आर्नेसन यांनी पुढे सांगितले. तेव्हा प्रथम त्या लोहनौकांकडेच जाऊ.

७/ ९ मार्च १८६२. हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत 'मॉनिटर' आणि 'व्हर्जिनिया' या दोन लोहनौका एकमेकींवर तासन्‌तास गोळे डागत होत्या. 'मॉनिटर'च्या फिरत्या बुरुजाला एकेक इंच जाडीचे लोखंडी पत्रे एकावर एक, असे आठ थर ठोकलेले होते. मग ते कवच आठ इंच जाडीच्या एकसंध पत्र्याइतके मजबूत होते का? नव्हते. पातळ पत्र्यांची चळत ही तेवढ्याच जाडीच्या एकसंध पत्र्यापेक्षा दुबळी पडते, हे त्या काळच्या चाचण्यांतून कळून चुकले होते. चळतीतला प्रत्येक पत्रा आपापला वाकतो. एकसंध पत्रा मात्र साऱ्या जाडीनिशी एकत्र झुंजतो. एकाच जातीचे थर वाढवले, तर बेरीज होते खरी, पण हिशेबापेक्षा कमी भरते. खेळातला कडक नियम अतिशयोक्त असेल, पण त्याचा रोख चुकीचा नाही.

८/ आता दख्खनकडे वळू. आपल्याकडचा योद्धा कवच कसे चढवी? सर्वांत आत कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा, त्यावर लोखंडी कड्यांचे चिलखत. ऐपत असेल तर छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर पोलादी पत्र्यांचे चार तुकडे. त्यांना 'चार-आईना', म्हणजे चार आरसे, म्हणत. डोक्यावर जिरेटोप, हातावर दस्ताने. हे थर एकमेकांची नक्कल करत नव्हते. कड्यांचे चिलखत तलवारीचा कापणारा वार अडवते, पण गदेचा मार ते तसाच हाडांपर्यंत जाऊ देते. तो मार कापूस झेलतो. अणकुचीदार बाण कडी उसवून आत शिरू शकतो. त्याला पोलादी पत्रा थोपवतो. कापणे, ठेचणे, भोसकणे हे हानीचे तीन प्रकार खेळाने याच वास्तवातून घेतले आहेत. वेगळ्या हानीसाठी वेगळा थर, हा त्या पोशाखामागचा खरा विचार होता.

९/ १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडाखालच्या भेटीत हा विचार प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि पागोट्याच्या आत लोखंडी टोप घातला होता, हे वर्णन सर्वपरिचित आहे. त्या दिवशी वरचा कापडी थर वार अडवण्यासाठी नव्हताच; तो आतले कवच लपवण्यासाठी होता. अफजलखानाने महाराजांना कवेत दाबून कुशीत कट्यारीचा वार केला, तेव्हा त्याच्या हिशेबात समोर फक्त कापड होते. पाते चिलखतावर खरखरले आणि त्या एका क्षणाने पुढचा इतिहास बदलला. बाहेरच्या थराने शत्रूची निवड चुकवली आणि आतल्या थराने त्याचा वार. दोन थरांची कामे वेगळी असली, की ते एकमेकांचे बळ कसे वाढवतात, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१०/ पण त्या भेटीत तिसराही एक थर होता आणि तो लोखंडाचा नव्हता. खानाचा अंगरक्षक सय्यद बंडा महाराजांवर धावून आला, तेव्हा जिवा महाला यांनी त्याला आडवे केले. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण महाराष्ट्रात आजही घरोघरी आहे. म्हणीतला भाव बाजूला ठेवून तिच्याकडे क्षणभर गणित म्हणून पाहा. चिलखत कुठे उसवले असते, टोप घसरला असता, तरी जिवा महाला यांचा हात त्यामुळे दुबळा झाला नसता. एका थराच्या अपयशाने दुसरा थर आपोआप निकामी होत नाही, तेव्हा त्या थरांना स्वतंत्र म्हणायचे. हा 'स्वतंत्र' शब्द लक्षात ठेवा. नगरच्या किल्ल्याचे सारे भाग्य आणि दुर्भाग्य याच शब्दाशी बांधलेले आहे.

११/ मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात आपली राजधानी वसवली. सुरुवातीचा कोट मातीचा होता. पुढे हुसेन निजामशहाच्या कारकिर्दीत, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर, तो दगडी झाला. हा किल्ला सपाटीवरचा आहे. राजगड-प्रतापगडाला सह्याद्रीने जो कडा फुकट दिला, तो इथे नाही. त्यामुळे प्रत्येक थर माणसाला हाताने रचावा लागला. शिवाय निजामशाहीला तोफेची ताकद चांगली ठाऊक होती. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली 'मुलूख मैदान' तोफ १५४९ मध्ये याच नगरात ओतली गेली होती. ज्या शहरात असल्या तोफा घडत, त्या शहराचा किल्ला तोफेच्या माऱ्याचा विचार करूनच उभा राहणार.

१२/ बाहेरून आत येऊ. १८०३ च्या एका इंग्रजी वर्णनात किल्ल्याचे थर बारकाईने नोंदलेले आहेत. सर्वांत बाहेर मातीचा उतार. त्याच्या आत दोन्ही बाजूंनी दगडाने बांधून काढलेला खंदक. त्यात चोहोबाजूंनी सुमारे ९ फूट पाणी आणि उंच वाढलेले गवत. खंदक आणि तट यांच्यामध्ये जेमतेम एक यार्ड रुंदीची पट्टी. मग काळ्या घडीव दगडाचा तट, त्यावर विटा-चुन्याचा कठडा आणि तटाहून उंच गोल बुरूज. दरवाजापुढे आडोशाची अर्धवर्तुळाकार तटबंदी. खंदकावर लाकडी पूल, जो युद्धकाळात काढून टाकता येई. त्या पुलाच्या जागी लोखंडी पन्हळ बसवून त्यात निखारे पेटवण्याची सोय होती, असेही त्या काळी सांगितले जाई. आगीचाही एक थर!

१३/ या थरांचे सौंदर्य त्यांच्या संख्येत नाही, त्यांच्या नात्यात आहे. बाहेरच्या उतारावर उभे राहून पाहिले, तर तट एखाद्या तंबूच्या खांबाएवढाच उंच दिसे, असे तेच वर्णन सांगते. म्हणजे उताराने तटाचा पायथा झाकला होता. दूरवरच्या तोफेचा सरळ गोळा तटाच्या वरच्या भागावरच आदळणार. पायथ्याला खिंडार पाडायचे, तर तोफा जवळ आणाव्या लागणार. जवळ आणल्या, की त्या बुरुजांच्या माऱ्यात सापडणार. भोक पडलेच, तरी मध्ये पाणी. पाणी ओलांडले, तरी शिडी टेकवायला फक्त एक यार्ड जागा. खेळाच्या भाषेत सांगायचे, तर काही थर हानी निम्मी करत होते, काही ठरावीक अंक वजा करत होते, आणि त्यांचा क्रम असा लावला होता की शत्रूला प्रत्येकासाठी वेगळी युक्ती शोधावी लागे. ही झाली रचना. आता परीक्षा.

१४/ पहिली परीक्षा. १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुराद आणि अब्दुर्रहीम खानखानान यांच्या मोगल फौजेने किल्ल्याला वेढा घातला. आत निजामशाहीची घडी विस्कटलेली, गादीवर हक्क सांगणारे अनेक, आणि या सगळ्यांत किल्ला सांभाळायला उभी राहिलेली चांदबीबी. उतार, पाणी आणि तट यांच्याशी समोरून झुंजण्यात मोगलांनी वेळ घालवला नाही. त्यांनी जमिनीखालून सुरुंग खोदले. हा वार थरांना टाळून थेट तटाच्या पायाखाली जाणारा होता. तटाची उंची, कठड्याची जाडी, बुरुजावरच्या तोफा यांपैकी कशाचाच सुरुंगाविरुद्ध उपयोग नव्हता. खेळाडू ज्याला 'या प्रकारच्या हानीला प्रतिकार नाही' म्हणतात, ती अवस्था हीच.

१५/ मात्र किल्ल्यात एक थर असा होता, जो दगडाचा नव्हता. मोगल छावणीतील ख्वाजा मुहम्मद खान शिराझी याने रात्री सुरुंगांची बातमी आत पोचवली. बचावकर्त्यांनी आतून उलट खोदून दोन सुरुंग निकामी केले. पुढच्या सुरुंगाचा शोध चालू असतानाच मोगलांनी बत्ती दिली आणि तटाचा मोठा भाग कोसळला. १५९६ चा तो फेब्रुवारी महिना होता. खिंडार पडले, पण खिंडाराच्या तोंडाशी चांदबीबी हाती नंगी तलवार घेऊन उभी राहिली. तिला पाहून पळणारे परतले. दिवसभर हल्ले परतवले गेले आणि रात्रीतून खिंडार पुन्हा बांधून निघाले. छावणीत धान्याची टंचाई, सरदारांत बेबनाव, त्यात विजापूर-गोवळकोंड्याची मदत निघाल्याची वार्ता. मोगलांनी वऱ्हाड घेऊन तह केला. दगडाचा थर पडला, तरी माणसांचा थर टिकला.

१६/ दुसरी परीक्षा १६०० साली झाली. शहाजादा दानियाल आणि खानखानान पुन्हा नगरवर आले. तट होता, पाणी होते, तोफा होत्या, चांदबीबीही होती. पण चार वर्षांत आतली माणसे एकमेकांना पारखी झाली होती. आता लढून निभाव लागणार नाही, तेव्हा लहान सुलतान बहादूरशहाला सुखरूप राखण्याच्या अटीवर तह करावा, असे तिचे मत होते. ती किल्ला शत्रूला विकते आहे, अशी आवई उठली आणि जमावाने आत घुसून तिला ठार केले. पुढे सुरुंग उडाले, खिंडारे पडली. आणि या वेळी त्या खिंडारात उभे राहायला कोणी नव्हते. ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला आणि बहादूरशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. १५९६ चा वार आणि १६०० चा वार एकाच जातीचा होता. वजा झाला होता तो फक्त एक थर.

१७/ तिसरी परीक्षा सर्वांत शांत आणि म्हणून सर्वांत शिकवणारी. १७५९ मध्ये हा किल्ला निजामाचा किल्लेदार कवी जंग याच्या ताब्यात होता. पेशव्यांनी पैसे देऊन त्याला वश केले आणि लढाईवाचून किल्ला मराठ्यांकडे आला. एकही गोळा सुटला नाही. इथे जरा थांबून विचार करा. उतार, खंदक, पाणी, तट, बुरूज, पूल हे सहा थर मोजले, तर ते वेगवेगळे दिसतात. पण तोफेला बत्ती द्यायची की नाही, पूल काढायचा की ठेवायचा, दरवाजा उघडायचा की बंद, हे सारे एकाच माणसाच्या शब्दावर चालत होते. तो माणूस फुटला, तेव्हा सहाच्या सहा थर एकदम पडले. वरून स्वतंत्र दिसणारे थर मुळाशी एकाच दोरीला बांधलेले होते.

१८/ चौथी परीक्षा, ऑगस्ट १८०३. किल्ला आता दौलतराव शिंद्यांकडे होता आणि समोर होता आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला. किल्ल्याच्या पश्चिमेला तोफेच्या टप्प्यावर पेठ होती, म्हणजे तटबंदीचे शहर. किल्ल्याचा हा सर्वांत बाहेरचा थर. ८ ऑगस्टला वेलस्लीने तोफांनी खिंडार पाडण्याची वाट न पाहता तीन ठिकाणी शिड्या लावून पेठेवर चढाई केली. पेठेची भिंत उंच होती आणि तिला बुरूज होते, पण भिंतीच्या आतून उभे राहून लढायला फांजी नव्हती. शिडीने वर आलेल्या इंग्रजी सैनिकांचीही त्यामुळे पंचाईत झाली. पाय टेकायला जागाच नव्हती. पण तीच उणीव बचावालाही भोवली. दोन बुरुजांमधल्या भिंतीवर फौज उभी करता येत नव्हती. पेठ त्याच दिवशी गेली.

१९/ पेठ गेल्याने किल्ल्याचे काय बिघडले? वरवर पाहता काहीच नाही. त्याचे पाणी, तट, तोफा शाबूत होत्या. पण किल्ल्याला पाणी पुरवणारे झाकलेले नळ उत्तरेच्या डोंगरांतून येत आणि पेठेतून पुढे किल्ल्यात जात. बाहेरचा थर आणि आतला थर यांची तहान एकाच नळाने भागत होती. ९ ऑगस्टच्या रात्री इंग्रजांनी जवळून चार तोफांचा मोर्चा उभारला आणि १० तारखेला मारा सुरू केला. भिंगारच्या देशमुखाने पैसे घेऊन कोणत्या बाजूने मारा करावा हे दाखवले, अशी हकीकत जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंदलेली आहे. ११ तारखेला किल्लेदाराने बोलणी सुरू केली आणि १२ ऑगस्टला सुमारे १,४०० शिबंदी आपली मालमत्ता घेऊन बाहेर पडली. चार दिवसांत सगळे संपले. तट कोसळायच्या आधी तो राखण्याची उमेद कोसळली होती.

२०/ आता चारही उत्तरे एकत्र मांडू. थर स्वतंत्र असतील, तर त्यांचा गुणाकार होतो. पहिल्या थरातून दहांतला एक वार आत येत असेल आणि दुसऱ्यातूनही दहांतला एकच, तर दोन्हींतून शंभरांतला एक येईल. प्रतापगडाखाली चिलखत आणि जिवा महाला हे असे थर होते. थर एकाच जातीचे असतील, तर 'मॉनिटर'च्या पत्र्यांसारखी बेरीज हिशेबापेक्षा कमी भरते. आणि थर एकाच दोरीला बांधलेले असतील, तर दहा थरांची किंमतही एकाच थराएवढी. कवी जंगच्या किल्ल्यात एकच थर होता: कवी जंग. 'एकाच प्रकारचे अनेक प्रतिकार एकच धरा' हा खेळाचा नियम मग कंजूष वाटत नाही. ज्या वाराने एक थर भेदला, त्याच वाराने दुसराही भेदला जाणार असेल, तर तो दुसरा थर मोजायचा कशाला?

२१/ हे शहाणपण नगरनेच पुढे पोलादात जपून ठेवले आहे. भारतीय लष्कराचे चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशिक्षण शाळा याच शहरात आहे, आणि १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालयही. तिथे १९६५ च्या युद्धात हाती आलेला पॅटन पाहा. त्याच्या पुढच्या पत्र्याचा तिरकेपणा पाहा. उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला पत्रा समोरून येणाऱ्या गोळ्याला दुप्पट जाडीचा पडतो. थर न वाढवता, केवळ कोन बदलून. संग्रहालयातल्या सेंच्युरियनच्या कुशीला लावायचे पातळ पत्रे मुख्य कवचापासून अंतर राखून असत. तांब्याच्या शंकूतून वितळल्यासारखी धार सोडणारा स्फोटक गोळा त्या पत्र्यावर अकाली फुटे आणि त्याची धार मधल्या पोकळीत विस्कटे. इथे दोन थरांमधली रिकामी जागा हाच तिसरा थर.

२२/ १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर जर्मन शास्त्रज्ञ मानफ्रेड हेल्ड यांनी एक पाऊल पुढे टाकले. कवचावर स्फोटकाच्या विटा बसवायच्या. शत्रूची धार लागताच वीट फुटते आणि तिचा उसळणारा पत्रा धारेला छेद देतो. १९८२ मध्ये लेबनॉनच्या लढाईत इस्रायलने ते प्रत्यक्ष वापरले. त्यावर उत्तर म्हणून जोडगोळा आला: पुढचा छोटा स्फोट विटेला फोडतो, मागचा मोठा मुख्य कवचावर जातो. चौथ्या मुद्द्यातला क्रम आठवा. शत्रूनेही आता आपल्या वारांचा क्रम लावला होता. भारताच्या 'अर्जुन' रणगाड्याचे 'कांचन' कवच हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म प्रयोगशाळेत घडले आणि त्या परिसराच्या, कांचनबागच्या, नावावरून ओळखले जाते. त्यात पोलादी पत्र्यांमध्ये चिनी मातीच्या जातीचे कठीण थर आहेत. कापूस, कडी आणि पोलाद यांच्या जुन्या पोशाखाचाच हा वंशज: वेगळ्या कामासाठी वेगळा थर.

२३/ शेवटी टेबलावर परत येऊ. पुढच्या वेळी तुमच्या खेळात कोणी दोन प्रतिकारांची बेरीज मागितली, तर सूत्रधाराने त्याला तीन प्रश्न विचारावेत. हे दोन थर एकाच जातीचे आहेत का? त्यांतला आधी कोणता येतो? आणि दोन्हींना एकदम पाडेल असा एखादा वार आहे का? पहिले दोन प्रश्न नियमपुस्तकात सापडतात. तिसरा मात्र इतिहासच विचारतो, आणि त्याचे उत्तर चुकले तेव्हा नगरात माणसे मेली, राज्ये बुडाली. १५९६ मध्ये खिंडारापुढे उभी राहिलेली चांदबीबी १६०० मध्ये त्याच किल्ल्यात, आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली. जगातले कोणतेही चिलखत पाठीमागून, आतून येणारा तो वार अडवत नाही.

२४/ नगरचा किल्ला आजही उभा आहे. लष्कराच्या ताब्यात असल्याने त्याचा खंदक आणि तट बऱ्याच अंशी टिकून आहेत. १९४२ च्या आंदोलनातले राष्ट्रीय नेते इथेच स्थानबद्ध होते. कधी गेलात, तर बुरूज मोजून परत फिरू नका. खंदकाच्या काठावर उभे राहा आणि प्रत्येक थराला विचारा: तू कोणत्या वारासाठी आहेस, आणि तू कोणाच्या भरवशावर उभा आहेस? तुमच्या गावाजवळच्या किल्ल्यालाही हेच दोन प्रश्न विचारून पाहा आणि मिळालेले उत्तर या धाग्याखाली जरूर लिहा. पुढच्या धाग्यात नगरच्या त्या झाकलेल्या नळांची, खापरी पाणीपुरवठ्याची गोष्ट पाहू.